भिंती बघू नका, मागच्या रांगेतलं पोर बघा

विचारा बाईंना : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त केंद्रप्रमुख बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की नोकरीत मला प्रशिक्षणांपेक्षा दुसऱ्यांच्या शाळांनी जास्त शिकवलं. त्यावर पत्रांचा हा ढीग आला. काहींनी री ओढली, काहींनी कान धरला. निवडक पाच पत्रं घेतली आहेत. आधी एवढं सांगते, की मी २० वर्षं वर्गावर होते आणि १३ वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारी, तेही सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. केंद्रात ११ शाळा, त्यांतल्या ७ द्विशिक्षकी. मी बोलते ते तिथून. शहरातल्यांनी आपापल्या हिशेबानं घ्यावं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. आमच्या केंद्राची सहल (सहलच म्हणते) पुढच्या महिन्यात एका 'आदर्श' शाळेला जाणार आहे. आधी अशा दोन भेटी झाल्या. दोन्ही वेळेला भरपूर फोटो काढले, जेवण उत्तम होतं, आणि सोमवारी वर्गात आल्यावर मी जशीच्या तशी. नेमकं बघायचं काय असतं?

उत्तर : तुम्ही 'सहल' म्हणालात ते बरं केलंत. आम्हीही तेच करायचो, फक्त कागदावर 'अभ्यासदौरा' लिहायचो.

२०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं तेव्हाची गोष्ट. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव तेव्हा सगळीकडे झालं होतं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतः करून बघत शिकायचं हा विचार, पुस्तकातून काढून जमिनीवर आणला होता, आणि 'जमिनीवर' हे अक्षरशः. फरशीवर आखलेल्या चौकटी, त्यांत मुलं गटागटानं बसलेली, पुढ्यात चिंचोके, खडे, काड्या. राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून यायचे. आम्हीही दोन गाड्या करून गेलो. त्या दौऱ्यात आणखी दोन-तीन शाळा पाहिल्या. परत येताना एकेकाच्या मोबाइलमध्ये शंभर-शंभर फोटो.

पुढं काय झालं ते सांगते. महिनाभरात लोकवर्गणीतून ऑइलपेंट आला आणि केंद्रातल्या नऊ शाळांच्या फरश्या रंगल्या. मी स्वतः उभी राहून रंगवून घेतल्या, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. सहा महिन्यांनी बघते तर त्या चौकटींवर दप्तरांच्या रांगा, आणि बाई फळ्यापाशी उभ्या राहून पाढे म्हणून घेताहेत. आम्ही फरशी आणली होती. फरशीवर काय चालायचं, ते तिथंच राहिलं.

आमच्यातल्या एका शिक्षिकेनं मात्र त्या दौऱ्यात एकही फोटो काढला नव्हता. त्यांचा मोबाइल साधा बटणांचा होता, हे खरं कारण. बाकीचे सगळे भिंती न्याहाळत फिरत होते तेव्हा या बाई एका शाळेत दुसरीतल्या एका मुलीच्या मागं पोतं टाकून बसल्या आणि पाऊण तास हलल्या नाहीत. गाडीत त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

मुलीपुढं ३४ वजा ८ होतं. काड्यांचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या. तिनं चार सुट्या उचलून बाजूला ठेवल्या. मग थांबली. अजून चार हव्यात, सुट्या तर संपल्या. गठ्ठ्यांकडं बघत राहिली. मधेच शेजारच्या पोराची पेन्सिल ओढून बघितली, परत गठ्ठ्यांकडं. मग एक गठ्ठा उचलला, त्याचं रबर काढलं, ते बांगडीसारखं मनगटात घातलं, आणि मोकळ्या झालेल्या दहांतून चार काढल्या. उरल्या सहा. दोन गठ्ठे नि सहा, सव्वीस. त्या वर्गाच्या बाई दोनदा तिच्या जवळून गेल्या. दोन्ही वेळा त्यांनी बघितलं आणि दोन्ही वेळा त्या बोलल्या नाहीत.

"बाई," आमच्या शिक्षिका म्हणाल्या, "आपल्या गठ्ठ्यांना सुतळी आहे."

मला आधी कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या प्रत्येक शाळेत गणिताच्या पेटीत काड्यांचे गठ्ठे होते, पण करकचून सुतळी बांधलेले, आणि गाठ सुटू नये म्हणून वर फेविकॉल. का? तर तपासणीला साहेब आले की साहित्य जागच्या जागी दिसावं. म्हणजे आमच्या मुलांनी दशक कधी सुटा केलाच नव्हता. आम्ही त्यांना 'हातचा घे' म्हणत होतो आणि ती घेत होती. कुठनं घेतात, हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तो कुठनं येतो याचा मीही वीस वर्षांत विचार केला नव्हता.

तेव्हा बघायचं ते हे. एक मूल निवडा. यजमान शाळा पुढं करते ते चुणचुणीत नको, मागच्या रांगेतलं किंवा खिडकीशी बसलेलं घ्या. पाऊण तास त्याच्याजवळ बसा आणि ते काय करतं एवढंच लिहा. बाई काय करतात ते लिहायची गरज नाही, ते मुलाच्या हातात आपोआप दिसतं. मधल्या सुट्टीत त्याची वही मागून बघा. खाडाखोड आहे का? चूक खोडरबरानं पुसायला लावतात की तशीच ठेवून खाली परत करायला सांगतात? बाईंना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या, तर त्या पाच मिनिटांत वर्गाचं काय होतं? वर्ग कसा आहे ते अशा वेळी कळतं. आणि निघताना तिथल्या शिक्षकांना विचारा, "गेल्या वर्षी तुम्ही काय करून बघितलं आणि जमलं नाही?" या प्रश्नावर जे हसतात आणि खुर्ची ओढून बसतात, त्यांच्याकडून शिकायला मिळतं.

हे काही माझं डोकं नाही. जपानमध्ये शंभराहून जास्त वर्षं शिक्षक 'जुग्यो केन्क्यू' करतात. चार-पाच जण मिळून एक पाठ आखतात, एक जण तो घेतो आणि बाकीचे मुलांच्या आसपास उभे राहून टिपणं काढतात. नंतर चर्चा होते ती 'तुम्ही खडू असा धरलात' याची नसते, 'तिसऱ्या रांगेतल्या मुलाला इथं काय वाटलं असेल' याची असते. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला, त्यामुळं फसला तर सगळ्यांचाच फसतो. आपल्याकडच्या 'आदर्श पाठा'त घेणाऱ्याला घाम फुटलेला असतो आणि बघणारे मागं शेंगा खात असतात.

प्रश्न : मी पुण्याजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीला शिकवतो. व्यवस्थापनानं आम्हाला एका बड्या आंतरराष्ट्रीय शाळेत 'शिकायला' पाठवलं. त्यांच्या वर्गात २० मुलं, माझ्या वर्गात ५२. त्यांना दोन शिक्षक, शिवाय एक मदतनीस. मी तिथून फक्त चिडून परत आलो. यातून काय शिकायचं?

उत्तर : चिडलात ते बरोबरच आहे. व्यवस्थापनाला तो २० चा आकडा दिसला का, ते विचारा. म्हणजे भेटीचा उपयोग त्यांनाही होईल.

पण सर, तिथं फुकटातलंही काही असेल. तिथले शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात, हे मोजलंत का? अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होऊन गेल्या. त्यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं. बहुतेक शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच उत्तर देत, नाहीतर दुसऱ्या मुलाकडं वळत. ती वेळ तीन सेकंदांवर नेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, गप्प बसणारी कमी झाली. हे वाचून मी माझ्या केंद्रात घड्याळ घेऊन बसले. आमचे एक गुरुजी तर प्रश्न आणि उत्तर एकाच श्वासात घेत. त्यांना म्हटलं, प्रश्न विचारला की मनात सावकाश तीनदा 'विठ्ठल' म्हणा, मगच तोंड उघडा. माळकरी होते, त्यांना जमलं. बावन्न मुलांच्या वर्गातही 'विठ्ठल' तीनदाच म्हणायचा असतो.

आणि पुढची भेट उलट्या दिशेनं काढा. तुमच्या शाळेपासून तासाभरावर एखादी द्विशिक्षकी मराठी शाळा नक्की असेल. एकच बाई पहिली-दुसरी एका खोलीत कशी सांभाळते ते बघा. तिला बावन्नांची भीती वाटत नाही.

प्रश्न : माझ्या वस्तीवरची निम्मी घरं मेंढपाळांची. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कुटुंबं खाली जातात, मुलं पाच-सहा महिने नसतात. परत आली की वर्ग कुठल्या कुठं गेलेला. अशा मुलांसाठी काही बघण्यासारखं आहे का? माझ्याकडं चारही वर्ग आहेत.

उत्तर : आहे, पण लांब. आंध्रात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली आहे. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांनी चाललेली तिथली निवासी शाळा सगळ्यांना ठाऊक असते. त्याच खोऱ्यातल्या खेड्यांमधून त्यांच्या ग्रामीण शिक्षण केंद्राच्या छोट्या शाळा चालतात, एकेका खोलीच्या, सगळ्या इयत्ता एकत्र. आम्ही सात जण स्वखर्चानं गेलो होतो, ते या शाळांसाठी.

तिथं पाठ्यपुस्तकाच्या जागी कार्डं आहेत. पुस्तकाचे बारीक बारीक तुकडे केलेत, प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड, त्यावर ओळखीची एक छोटी खूण. भिंतीवर एक शिडी रंगवलेली, त्यात सगळी कार्डं क्रमानं. मूल येतं, शिडीत स्वतःची जागा बघतं, त्या खुणेचं कार्ड मांडणीतून काढतं आणि कामाला लागतं. काही कार्डं बाईंबरोबर करायची, काही गटात, काही एकट्यानं. मूल महिनाभर आलं नाही, तर आल्या दिवशी ज्या पायरीवर सोडलं होतं तिथून पुढं जातं. मागं पडायला तिथं 'वर्ग' असा पुढं निघून गेलेलाच नसतो. तुमच्या मेंढपाळांच्या पोरांसाठी हे सोन्यासारखं आहे. हीच रीत पुढं तमिळनाडूच्या सरकारी शाळांत मोठ्या प्रमाणावर नेली गेली.

त्या भेटीतली एक गंमत सांगते. आम्हाला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. पहिला अर्धा तास मी वैतागले, दुभाष्या शोधू लागले. नंतर लक्षात आलं, की कानाला काही कळत नाही म्हणून मी डोळ्यांनी बघतेय. मराठी वर्गात मी बाईंचं बोलणं ऐकते आणि मनात गुण देत बसते. इथं तो उद्योगच बंद. तेव्हा दिसलं, की एक सात-आठ वर्षांचा मुलगा अडला तर बाईंकडं जात नाही. आधी शेजारणीकडं बघतो, मग भिंतीवरच्या शिडीकडं, मग कार्ड उलटं करून बघतो, आणि चौथ्या खेपेला बाईंकडं. आणि बाई खाली, मुलांच्यात बसलेल्या. दारातून आत गेल्यावर त्या मला आधी दिसल्याच नव्हत्या.

तेव्हापासून मी स्वतःच्या केंद्रातही कधी कधी खिडकीबाहेर उभी राहायचे, आवाज येणार नाही इतक्या लांब. शिक्षकांना वाटायचं बाई फोनवर आहेत.

चारही विषयांची कार्डं करायला बसू नका, कंबर मोडेल. आमच्या एका शाळेनं फक्त दुसरी-तिसरीच्या गणिताची केली, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर. लग्नसराई संपली की गावातून पोतंभर पत्रिका मिळतात.

प्रश्न : मी पालक आहे, शिक्षक नाही. मुलीच्या शाळेत दोनच शिक्षक. त्यातले एक सारखे कुठल्या ना कुठल्या बैठकीला, भेटीला, प्रशिक्षणाला. त्या दिवशी चार वर्ग एकावर आणि पोरं नुसती बसून. तुमच्या या 'भेटी' आमच्या मुलांच्या पोटावर पाय देऊन होतात, याचं काय?

उत्तर : ताई, हे पत्र मी दोनदा वाचलं. यात चूक काही नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत. ते तास मुलांचे आहेत. दीडशे किलोमीटरवरच्या शाळेची कमान बघण्यात ते जाऊ नयेत.

आमच्याकडं यावर उपाय निघाला तो एका शिक्षिकेच्या सासऱ्यांमुळं. त्या घरी कुरकुरत होत्या, की भेटीला जायचं तर शाळा कुणाच्या जिवावर सोडायची? सासरे म्हणाले, "सावड करा की." खेड्यातल्यांना सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, उधारी नाही. तर आम्ही शाळांची सावड केली. तीन-चार किलोमीटरवरच्या दोन शाळा, शनिवारची सकाळची शाळा. या बाईंनी त्या शाळेवर जायचं आणि त्यांनी इथं. दोन्हीकडचे वर्ग चालू, एकही तास बुडाला नाही. गाडीभाडं तर नाहीच, एकीनं मुलाच्या स्कूटीवरून आणि दुसरीनं वडापच्या जीपनं.

आणि नुसतं बघण्यापेक्षा यात जास्त हाती लागलं. दुसऱ्याच्या मुलांपुढं उभं राहिलं की त्या मुलांना काय सवयी लागल्यात ते लगेच अंगावर येतं. एका शाळेतली चौथीची पोरं पाहुण्या बाईंना प्रत्येक उदाहरणाला "पण असंच का?" विचारू लागली. बाईंना वाटलं टिंगल करतायत. करत नव्हती, त्यांच्या बाईंनी तशी सवयच लावली होती. तिकडं दुसऱ्या शाळेतली मुलं सोमवारी आपल्या बाईंकडं तक्रार घेऊन आली, "त्या बाईंना काहीच येत नाही. उत्तर विचारलं तर आम्हालाच विचारतात."

मुख्याध्यापकांशी बोलून बघा. सावड म्हटलं की लोकांना पटकन कळतं.

प्रश्न : आमच्या शाळेचं नाव झालं आणि आता आठवड्याला दोन-तीन गाड्या येतात. मुलांना स्वागतगीत म्हणून म्हणून कंटाळा आला आहे. नाही म्हणावं तर शिष्ट म्हणतील. आणि आम्हाला स्वतःला काही बघायचं असेल तर महाराष्ट्रात कुठं जावं?

उत्तर : नाही म्हणा. महिन्यातले दोन दिवस ठरवा, एका खोलीत सहापेक्षा जास्त पाहुणे नकोत, आणि नारळ, शाल, गुलाबपुष्प सगळं बंद. आमच्या तालुक्यात एक शाळा होती, तिथली तिसरीची मुलं स्वागतगीत दोन आवाजांत म्हणत. भागाकार मात्र एकाच आवाजात आणि तोही बाईंच्या. पाहुण्यांना सांगा की खाली बसायचं, मुलांना 'पंतप्रधान कोण' असलं काही विचारायचं नाही, परवानगीशिवाय मुलांचे फोटो नाहीत. आणि जाण्याआधी अर्धा तास थांबून तुमच्या मुलांत काय दिसलं ते तुम्हाला सांगायचं. पाहुण्यांनी काहीतरी ठेवूनही जावं की.

जायचं म्हणाल तर डहाणूजवळचं कोसबाड. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी आदिवासी पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्यामागं कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. आजच्या मेंढपाळ मुलांचं पत्र वर आलंच आहे. ते वाचताना मला तीच आठवत होती. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांची कमला निंबकर बालभवन आहे, तिथं वाचायला कसं शिकवतात ते बघा. क, ख, ग असा क्रम न धरता थोडीच अक्षरं घेतात, ज्यांचे लगेच शब्द होतील अशी, म्हणजे मूल पहिल्या काही दिवसांतच काहीतरी खरं वाचतं. सेवाग्रामला आनंद निकेतन आहे, तिथं गांधीजींच्या नई तालीमच्या वाटेनं शेती, सूत आणि स्वयंपाक यांतून शिकणं चालतं. सगळीकडं आधी पत्र पाठवून विचारा, आणि दोघं-तिघंच जा.

भेटीचा अहवाल कसा लिहायचा असं तुम्हीच तळटीपेत विचारलंय. आमच्या केंद्रात मी चार पानी नमुना बंद करून पाठकोरा अर्धा कागद ठेवला होता. त्यावर दोनच प्रश्न. कुठल्या मुलाजवळ बसलात? आणि परत आल्यावर आपल्या शाळेतलं काय बंद केलंत? 'काय सुरू केलंत' मुद्दाम विचारत नसे, सुरू करायला सगळेच तयार असतात.

बटणांच्या मोबाइलवाल्या त्या शिक्षिकेचा कागद माझ्याकडं अजून आहे. पहिल्या प्रश्नापुढं लिहिलंय, 'दुसरीतली मुलगी, नाव विचारलं नाही.' दुसऱ्यापुढं, 'सगळ्या गठ्ठ्यांची सुतळी कापली. पहिल्याच दिवशी १२ रबरं हरवली, नवी आणली.'